मागची सीट

॥ श्री ॥

धार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्हिडिओंखाली दिल्लीचा एक पत्ता असतो, कंपन्यांनी सामान पाठवावं म्हणून. त्याच पत्त्यावर हे पत्र टाकतोय. मोबाइलच्या स्टँडांच्या आणि सीटकव्हरांच्या खोक्यांत बापाचं पाकीट जाऊन पडेल, म्हणजे खोकं समजून तरी उघडशील. तुझं शिक्षण हिंदीत झालं आणि मराठी वाचताना तू अडखळतोस, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलंय. जन्मभर फळ्यावर लिहिलं, त्याचा एवढा तरी उपयोग.

फोन करत नाही, कारण तू उचलत नाहीस. त्या दसऱ्याला पाहुण्यांदेखत मी तुला गाड्यांचा भाट म्हणालो, आणि मी बोलावल्याशिवाय हा उंबरा चढू नकोस असंही म्हणालो. तू भलताच पक्का निघालास. शब्द माझा आणि पाळतोयस तू.

असो. पत्राचं कारण वेगळं आहे. गाडी घ्यायची आहे. आता हसशील, की भाटाकडेच यावं लागलं. हस. पण तुला विचारायला मी आलेलो नाही, तुझ्या आईने आणलंय. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती फोन भिंतीला टेकवून तुझे व्हिडिओ लावते. टर्बो म्हणजे काय आणि टॉर्क म्हणजे काय, तिला काडीचंही कळत नाही. परवा व्हिडिओ संपल्यावर म्हणाली, "आज घसा बसलाय त्याचा. रात्री दही खाल्लं असेल." नऊ मिनिटांच्या त्या व्हिडिओतून तिने एवढंच घेतलं.

काल शोरूमला गेलो होतो. तिथे चिंटू नावाचा पोरगा आहे, माझाच विद्यार्थी, भौतिकशास्त्रात दोनदा गटांगळी खाल्लेला. आता टाय लावून गाड्या विकतो. म्हणाला, "सर, आजकल सेडान कौन लेता है? ऊँची गाड़ी लो, राज करो रोड पे." उंच गाडीचं दार त्याने उघडलं. आईने पायरीवर एक पाऊल ठेवलं, वरचा दांडा धरला आणि तशीच उभी राहिली. चिंटूचं तोंड चालूच होतं, सनरूफबद्दल. मी त्याला गप्प केलं. ती उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चिंटूभिया, ती डिक्कीवाली दाखव. ठेंगणी."

तर आता ठेंगण्या गाड्या बघणं चालू आहे. परवडणाऱ्यांतल्या. आई मजेत आहे. तिने आशीर्वाद सांगितलाय.

— भाऊ

॥ श्री ॥

धार, ८ डिसेंबर २०२४

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. येईल अशी समजूत करून घेतलेलीही नव्हती. तरी लिहितोय.

आधी एक सांगतो. आजोबांनी घालून दिलेली रीत तुला आठवत असेल. पत्राच्या डोक्यावर श्री असला की त्याच्याखाली अशुभ काही लिहायचं नाही. आणि श्री नसलेलं पत्र घरी आलं, तर उभ्याउभ्या वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करायची. तसं पत्र एकाच कामाकरता लिहितात. मधलं पत्र आपल्या घरात नाही. तेव्हा आईबद्दल इतकंच, की इंदूरला डॉक्टरांकडे जाणं-येणं असतं आणि ते वाढणार आहे. बस तिला सोसत नाही. भाड्याची गाडी वेळेवर येत नाही. बाकी सगळं गाडीचं लिहितो, म्हणजे रीत मोडणार नाही.

दोन गाड्या उरल्यात. एक पांढरी, एक निळी. मी मास्तर माणूस, दोन्हींचा पेपर तपासला.

पांढरी दिसायला बावळट. स्टिअरिंग पिठल्यासारखं, वळवलं तरी चाकांना वळायचं आहे की नाही ते हाताला कळत नाही. ओव्हरटेक करताना इंजिन कण्हतं. पण मागची सीट लांबरुंद, मऊ आणि मांडीला पार गुडघ्यापर्यंत टेकू. इंदूरच्या वाटेवर बेटम्यापर्यंत चालवून आणली. मागे आई. परत येताना आरशात बघितलं तर तिचा डोळा लागला होता. कितीतरी दिवसांनी दिवसाउजेडी तिचा डोळा लागलेला पाहिला.

निळी म्हणजे तुझी लाडकी. चावरी आहे पोरगी. पाय ठेवायचा अवकाश की निघाली. ब्रेक दमदार, वळणावर रस्ता सोडत नाही, स्टिअरिंग हातात बोलतं. पडदा मोठा, मागचा कॅमेरा स्वच्छ, मागच्यांनाही एसीची जाळी. डिक्की खोल. एक घडीची खुर्ची आत राहते का ते बघायचं होतं, तीही राहिली. खुर्ची कसली ते विचारू नकोस, चाकं आहेत तिला. खरं सांगायचं तर चालवायला मलाही निळीच आवडली. या वयात माणसाला असं काही आवडावं याची लाज वाटली थोडी. मागे बसूनही पाहिलं, शोरूमच्या काचेत उभी असताना. सीट जरा कडक, जरा आखूड. पण बरी वाटली.

आई तीत बसली तेव्हा झोपली नाही. उतरल्यावर म्हणाली, "छान आहे."

मी म्हटलं, पांढरी घेऊ. तुला आराम पडतो तिच्यात. तर ती म्हणते, "अहो, प्रणवने निळी सांगितलीये ना? मग बात खतम."

मी म्हटलं, त्याने जगाला सांगितलीये, आपल्याला नाही. तेव्हा तिने फोन काढला आणि तो व्हिडिओ बरोबर त्या जागी आणून माझ्यासमोर धरला. तू हात हलवत म्हणतोयस, "दोस्तों, पीछे की सीट पे मम्मी-पापा को बिठाओ और निकल जाओ. शिकायत का मौका ही नहीं देगी."

"बघा," ती म्हणाली. "नाव नाही घेतलं, पण कोणाला बोलतोय ते मला कळतं."

चिंटूला सांगून निळी पक्की केली.

— भाऊ

॥ श्री ॥

धार, १५ जानेवारी २०२५

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

काल संक्रांत झाली. पाकिटात तिळगूळ टाकणार होतो, पण पोस्टाच्या ठशाखाली त्याचा भुगा झाला असता. तेव्हा कागदावरच गोड मानून घे.

गाडी घरी आली. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि मग खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाली, "त्याला दिसेल असा फोटो काढा." फोटो तुझ्या व्हिडिओखाली कसा चिकटवायचा हे आम्हा दोघांनाही जमलं नाही. अखेर तो देवासला मामाकडे पाठवला. अजेयमामाने तो तुझ्या व्हिडिओखाली लावून लिहिलं म्हणे, 'प्रणव, घरी फोन कर'. त्याच्याखाली लगेच कुणीतरी मायलेज विचारलं आणि कुणी निळा रंग फिका पडतो का ते. मामाचा निरोप त्यांच्या गर्दीत गेला.

आता तुमच्या भाषेत वापरणाऱ्याचा अनुभव लिहितो. ऐक. हायवेवर ती उत्तम आहे. घाटाबिल्लोदच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की मी दोन क्षण विसरतो की आपण कुठे आणि कशाला चाललोय. गाणी नीट वाजतात. सकाळच्या धुक्यात दिवे चांगले. गतिरोधकावर मात्र बोंब आहे. आपल्याकडे गावोगावी लोकांनी आपापल्या दारासमोर उंचवटे करून ठेवलेत, काहींना रंगही नाही. कितीही हळू घेतली तरी मागचं चाक ठक्‌ करून पडतं. मी दर वेळी विचारतो, "लागलं का?" मागून उत्तर येतं, "नाही हो. गाडी मस्त आहे."

घरात ती कण्हते. कूस बदलताना आई गं म्हणते, कामाला येणाऱ्या जमुनाबाई पायाखाली उशी सरकवतात तेव्हाही म्हणते. गाडीत म्हणत नाही. मला आधी वाटलं, सीटचाच गुण असेल. तुझ्या मताला दाद दिली मनात.

इंदूरच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीच्या मणक्याचे फोटो उजेडावर धरून मला दाखवले. श्रीखाली त्यांचं वर्णन करता येत नाही.

मी म्हटलं होतं, सीटवर गादी टाकू. जाड, कापसाची, पिंजाऱ्याकडून करून आणू. तर ही माझ्यावरच उखडली. "नव्या गाडीत गोधड्या कोंबता का? त्याने पाहिलं तर काय म्हणेल?" कुठून पाहणार आहेस तू? पण तिच्या डोक्यात आहे की तू येणार, आल्याबरोबर गाडीचं दार उघडणार, वाकून आत बघणार आणि व्हिडिओत बोलतोस तसं काहीतरी बोलणार. त्या दिवसाकरता गाडी कोरी ठेवायची आहे तिला. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिकसुद्धा काढू देत नव्हती. ते मी तिच्याशी भांडून काढलं. घसरत होती ती त्यावर.

— भाऊ

॥ श्री ॥

धार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

काल नर्मदा जयंती, म्हणजे आईचा वाढदिवस. देवासच्या माहेरात नर्मदा तेव्हा नळालाही येत नव्हती, तरी तिथीवरून मुलीचं नाव नर्मदाबाई ठेवून मोकळे झाले. दर वर्षी या दिवशी तिला धरमपुरीला नर्मदेच्या घाटावर बुडी मारायला न्यायचो. या वर्षी डॉक्टर पाण्याला नाही म्हणाले. मी विचारलं, मग कुठे जायचं? म्हणाली, "देवास. भाऊच्या घरी बसायचंय." म्हणजे अजेयमामाकडे.

धार ते देवास एवढा लांबचा पल्ला निळीने पहिल्यांदा केला. इंदूरच्या बायपासला ट्रकांच्या रांगेत ही गाडी खरंच उजवी आहे, जागा दिसली की शिरते. मायलेज तू सांगितलंस त्याच्या जवळपास आलं. इथे तू खोटा नाहीस.

देवासला टेकडीच्या पायथ्याशी तिने थांबायला सांगितलं. उतरली नाही. काच खाली करून टेकडीवरच्या माताजींना हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले. मग मला म्हणाली, "तुम्ही त्याला पत्रं लिहिता ना?"

"लिहितो."

"त्यात काय लिहिता?"

"गाडीचं."

ती हसली. हल्ली हसताना तिचे दात मोठे दिसतात. "मास्तर ते मास्तरच राहिले तुम्ही," म्हणाली. "अहो, एक शब्द लिहा. ये म्हणून लिहा. घर तुमचं आहे, तुम्ही नाही म्हणालात म्हणून तो बाहेर आहे. मी लाख बोलावेन. पण त्याला तुमचंच पाहिजे. तुमच्यावरच गेलाय."

मी मान हलवली.

"कधी लिहाल?"

"आज घरी गेल्यावर."

मामाकडे गेलो. खुर्चीतून उचलून आत नेलं. तिथे पोहे खाल्ले तिने, दोन घास, पण चवीने खाल्ले. मामा मला अंगणात घेऊन गेला आणि तावातावाने बोलला. "भाऊजी, बहुत हो गया आता. मी दिल्लीला जातो आणि कान धरून घेऊन येतो त्याला." मी त्याला थांबवलं. म्हटलं, मी लिहिणार आहे. माझ्या हाताने जायला हवं ते. त्याला पटलं नाही, पण बहिणीचा नवरा म्हणून ऐकलं.

परतीच्या वाटेवर बेटम्याजवळ मी आरशात बघितलं, तर तिचं तोंड खिडकीकडे. "लागलं का?" म्हणून विचारलं. "नाही हो. त्याने म्हटलंय तशीच आहे," असं म्हणाली.

तर प्रणव, रात्री लिहायला बसलो. तो एक शब्द शेवटी लिहायचा म्हणून आधी बाकीचं लिहून घेतलं. मायलेजचं लिहिलं, ट्रकांचं लिहिलं. निळीच्या हेडलाइटचा झोत जरा डावीकडे पडतो, तेही लिहायचं आहे. कागदाच्या तळाशी आलोय. आता जागा फार नाही. पुढच्या पत्रात लिहीन.

— भाऊ

धार, १२ मार्च २०२५

प्रणव,

वर काही लिहिलेलं नाही ते तू बघितलंस. उभा असशील तर उभाच राहा.

आई गेली. परवा पहाटे, इंदूरला. अजेयमामा तुझे फोन लावत होता, तुझ्या व्हिडिओंखाली लिहीत होता, तुझ्या कुठल्या मित्राचा नंबर त्याने मिळवला तोही लागला नाही. आज स्पीड पोस्टाने हे टाकतोय. अग्नी मी दिला.

ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती. इंदूरला न्यायचं ठरलं तेव्हा मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो म्हणालो. तिने मानेनेच नको म्हटलं. आपल्याच गाडीतून जायचं. जमुनाबाई आणि मी तिला मागे आडवी टेकवली. वाटेतले सगळे उंचवटे मला पाठ झालेत, अगदी गाडी थांबवून थांबवून घेतले. मागून एकदाही आवाज आला नाही. दवाखान्याच्या दारात तिला उतरवताना मी म्हटलं, "खूप हाल झाले गं तुझे." तर माझ्या कानाशी म्हणाली, "छे. गाडीचं काही नाही. त्याला सांगा, गाडी छान निघाली."

सांगतोय. हा तिचा निरोप. माझा वेगळा आहे, तोही ऐक.

काल अस्थी वेचून स्मशानातून येताना गाडी मामाने चालवली. पुढे गुरुजी बसले, म्हणून मी मागे बसलो. चालत्या निळीत मागे बसायची माझी पहिली वेळ. शोरूममध्ये बसलो होतो तेव्हा ती उभी होती. नंतर मी कायम पुढे, स्टिअरिंगवर, हायवेवर दोन क्षण सगळं विसरत.

मागे बसल्यावर कळलं. सीट कडक आहे. मांडी अर्धी अधांतरी राहते, सगळा भार कमरेवर येतो. पुढच्याला जो नुसता ठक्‌ ऐकू येतो तो मागे थेट माकडहाडातून वर चढतो. माझी पाठ धडधाकट आहे, तरी पहिल्याच उंचवट्याला माझ्या तोंडून हाय निघालं. मामाने विचारलं, "लागलं का?"

मी आधाराला दाराची मूठ धरली. मुठीच्या खालचं प्लास्टिक हाताला खरखरीत लागलं. खाली वाकून बघितलं. बांगड्यांचे ओरखडे होते, प्रणव. एकावर एक, आडवे, खोल. काही जुने, पांढरे पडलेले, आणि वरचे ताजे. सगळे त्या एकाच मुठीखाली, जिथे ती दर खेपेला बसायची. नवी गाडी कोरी ठेवायची म्हणून मला गादी टाकू न देणारी बाई. तिचा हात तिथे काय करत होता, ते माझ्या आरशात दिसत नव्हतं. आरशात फक्त तोंड दिसतं, आणि ते तिने खिडकीकडे वळवलेलं असायचं.

तू म्हणाला होतास, शिकायत का मौका ही नहीं देगी. तिने तुझा शब्द खाली पडू दिला नाही. गाडीने दिला होता मौका, पावलोपावली दिला होता.

मला तुला विचारायचंय, बाबा, की त्या दिवशी तू मागे बसला होतास का? कुणी गाडी चालवत होतं आणि तू मागे होतास, असं झालं होतं का? की उभ्या गाडीत बसलास, हात हलवलेस आणि बोललास? मीही तसाच बसलो होतो. पेपर आपण दोघांनीही न वाचताच तपासला. म्हणून तुझ्यावर आवाज चढवत नाहीये. आवाज उरलाही नाही. पण तिच्या शेजारी बसून एकदा तरी इंदूरपर्यंत जायला हवं होतं कुणीतरी, आणि मी चालवत होतो, म्हणजे ते कुणीतरी तू होतास. हे मला फार लागतंय, आणि ते तुलाही लागावं असं वाटतं.

अस्थी घरी आहेत, तुळशीपाशी, पितळेच्या कलशात. गुरुजी म्हणतात दहाव्याच्या आत धरमपुरीला नर्मदेत सोडायला हव्यात. मी त्यांना थांबायला सांगितलंय. मामा म्हणाला, अस्थी मी घेऊन बसतो. त्यालाही नाही म्हटलं.

तुझ्या आईने मला एक शब्द लिहायला सांगितला होता. कागद संपला म्हणून मी तो लिहिला नव्हता. खोटं होतं ते, मागची बाजू कोरीच होती.

ये.

धामनोदवरून जाऊ. गाडी मी चालवीन. तू पुढे बसू नकोस. मागे, तिच्या जागेवर बस, कलश मांडीवर घे आणि ती मूठ धर. मी जमेल तितकी हळू नेईन.

— भाऊ